नळीचं दुसरं टोक

चाचा, तुमचं दुकान होतं त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर मी गेला महिनाभर एका भिंतीवर चढउतार करत होतो. शनिवार पेठेतलीच इमारत, पाच मजली, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तिची एक बाजू अगदी कोरी आहे, एकही खिडकी नाही. उंची पंचावन्न फूट, रुंदी छत्तीस. तिच्यावर एका बाईचा चेहरा काढायचा होता, हनुवटीपासून डोक्यावरच्या पदरापर्यंत, बाकी काही नाही. तुम्ही असतात तर मान वर करून म्हणाला असतात, ‘एवढी मोठी जागा आणि अक्षर एकही नाही? मग लोक वाचणार काय?’ तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दारावरच्या लाकडी पट्टीवर तुम्ही स्वतःसाठी काढलेलं ‘येथे बोर्ड रंगवून मिळतील’ मात्र अजून आहे. त्यातला ‘र्ड’चा रफार आजही मला कुठल्या कॉम्प्युटरवर सापडत नाही. पत्र लिहायला कारण घडलंय, पण ते मी माझ्या पद्धतीनं सांगणार. मधलं काही गाळलेलं मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट. मी कुणाकडे शिकलो नाही, असं मी सगळीकडे सांगतो. कॉलेजातल्या मुलांसमोर भाषण करताना सांगतो, मुलाखत घ्यायला कुणी आलं तर सांगतो, आणि छाती जरा पुढे काढूनच सांगतो. ते खोटं नाही. तुम्हीच म्हणायचात, ‘मी शिकवत नाही. बघायचं तर बघ, आणि बघताना डब्याला पाय लावू नको.’ सहा वर्षं मी बघितलं. ब्रश कसा धरायचा ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी रात्री घरी पाटीवर ओल्या बोटानं तुमच्या मनगटाचं वळण गिरवून काढलं. म्हणजे शिकलो ते माझं मी. हा हिशेब मी इतकी वर्षं असाच मांडत आलोय, आणि त्यात मला खोट दिसली नव्हती.

तर चेहरा. समोरच पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या काकू सत्तरीच्या, नवरा गेल्यापासून एकट्याच पट्टा ओढतात, जात्याला टाकी लावतात, दळण देतात. शहरातल्या कष्टाच्या माणसांचे चेहरे भिंतींवर आणायचे असं ज्या संस्थेनं ठरवलं, तिनं ही भिंत मला दिली आणि मी काकूंचा चेहरा मागून घेतला. कारण त्यांच्या भुवया. दिवसभर पीठ उडून त्यांच्यावर बसतं. लोकांना वाटतं पीठ पांढरं. ते पांढरं नसतं. गव्हाचं पिवळट, बाजरीचं हिरवट करडं आणि ज्वारीचं अगदी किंचित निळं. मी फोटो काढला तेव्हा काकूंच्या भुवईवर ज्वारी होती. तो एक रंग बनवायला मला चार दिवस लागले. काकूंना विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझा चेहरा? तो बघून गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत जाईल हो.’ आणि लगेच, ‘कुंकू नका लावू बरं. आणि दात दाखवू नका, पुढचा एक नाहीये.’

काम रोज पहाटे साडेसहाला सुरू. अकरानंतर भिंत अशी तापते की रंग ब्रशवरच आळतो, म्हणून दुपारचं थांबून चारला पुन्हा. लोखंडी परांचीवर फळ्या टाकलेल्या, कमरेला पट्टा, पट्ट्याचा दोर वरच्या पाइपला. चौथ्या मजल्याच्या उंचीवर नदीकडचा वारा आला की अख्खी परांची एकदा खोकते. मी चाळीस फुटांवर आजही खाली बघत नाही, हे माझ्याबरोबरच्यांना माहीत नाही. चहा बादलीतून दोरीनं वर येतो. आणि जवळून काही म्हणजे काही कळत नाही, चाचा. नाकासमोर डोळा नसतोच, तपकिरी रंगाचं पाच फुटी डबकं असतं. म्हणून चौकटी आखून घ्यायच्या, कागदावरचं एक घर म्हणजे भिंतीवरचं एक घर, आणि चौकटींवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे जास्तच झालं.

माझ्याबरोबर दोघे रंगारी आणि एक मुलगी. मुलगी यवतमाळकडची, चित्रकलेचं शिक्षण इथे पूर्ण केलेली, वय सव्वीस, हात विलक्षण. बोलते पुण्यासारखं, पण रागात किंवा घाईत असली की तिच्या गावाकडचं ‘जी’ बाहेर येतं. इमारतीखाली गाड्या ठेवायची जागा असल्यानं सोसायटीनं अर्ध्याच भिंतीला परांची बांधायला परवानगी दिली. आधी डावी बाजू पूर्ण करायची, मग परांची उजवीकडे हलवायची. दोन्हींच्या बरोबर मधोमध गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा जाड पाइप, काकूंच्या नाकाच्या रेषेवर. डावी बाजू अकरा दिवसांत झाली. तळाच्या काळ्या दगडी पट्ट्यापासून उंची मोजली, स्पिरिट लेव्हल ठेवून रेघा मारल्या. उजवीकडे गेलो तेव्हा डावीकडच्या रेघा रंगाखाली गेल्या होत्या. म्हणून पुन्हा तळाच्या पट्ट्यापासून मोजायला घेतलं. मुलीनं खाली टेपचं आणि दोरीचं टोक धरलं होतं. ती म्हणाली, ‘सर, नळी लावून बघायची का? डावीकडच्या डोळ्याचा कोपरा तर दिसतोय, तिथून पाण्यानं लेव्हल काढू. माझे बाबा गवंडी आहेत ना, ते नळीशिवाय वीट नाही ठेवत.’

मी काय म्हणालो ऐका. ‘ही आर्किटेक्टनं बांधलेली इमारत आहे. तुझ्या बाबांची वीट नाही.’

तिनं मान खाली घातली आणि दोरी ताणून धरली. मी गेरूत बुडवलेली दोरी चिमटीनं ओढून सोडली. फट् करून लाल रेघ उठली. तो आवाज आला की मला अजून तुमची आठवण येते, आणि त्या दिवशीही आली, तरीसुद्धा.

इथे मला लोणी काळभोरची भिंत सांगितली पाहिजे. सोलापूर रस्त्यावर बी-बियाणांचं गोदाम, त्याची साठ फूट लांब कुंपणाची भिंत, चार फुटी अक्षरं: ‘खते, बियाणे व शेतीची औषधे’. मी तेव्हा बावीस वर्षांचा आणि माझ्या मते तुमच्यापेक्षा हुशार. शुक्रवार होता. तुम्ही नमाजाला गावातल्या मशिदीत निघालात, जाताना म्हणालात, ‘नळीत पाणी भरून ठेव. बुडबुडा राहू देऊ नको. मी आलो की रेघ मारू.’ पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना बुचं, साठ फूट अंतर असलं तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहणार. मला ते गवंडीकाम वाटायचं. मी नळीला हात लावला नाही. भिंतीच्या वरच्या कडेपासून सगळीकडे एक फूट मोजलं, रेघ मारली आणि अक्षरं भरायला घेतली. तुम्ही याल तेव्हा काम झालेलं दिसावं, तुम्ही काही न बोलता नुसती मान हलवावी, एवढंच मला हवं होतं. तुमची मान हलणं म्हणजे काय होतं, हे ज्यानं सहा वर्षं वाट बघितली त्यालाच कळेल.

भिंत रस्त्याच्या उतारानं बांधलेली होती. तुम्ही परत आलात तेव्हा ‘औषधे’ खड्ड्यात चालली होती. तुमच्या पाठोपाठ गोदामाचे मालक आले. ‘अरारा! हे काय वो? समदी अक्षरं उतरणीला लागल्याती. दारू पिऊन काढलीत का काय? कुणाचं काम हाय हे?’ माझ्या हातात ओला ब्रश होता. तुमचे हात नुकतेच धुतलेले, कोरे. तुम्ही म्हणालात, ‘माझं. वय झालं मालक, नजर फसली. उद्या चुना मारून परवा नवीन करून देतो.’ मालकांनी तुम्हाला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. दोन दिवस आपण ती भिंत पुन्हा केली, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही माझ्याशी चहाशिवाय काही बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी नेलंत. चाचींच्या स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून बसलोय, स्टोव्हचा भर्र आवाज चाललाय, चाची तव्यावरची भाकरी हातानं उलटतायत, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणताय, ‘भिंत माणसानं बांधलेली असते. पाणी कुणी बांधलेलं नसतं.’ मग, ‘तुला दिसलं नाही म्हणून झालं. दिसलं असतं तर तू थांबला असतास. एवढं मी तुला ओळखतो.’ चाचींनी माझ्या ताटात भाकरी टाकली. मी ती खाल्ली.

आता पुन्हा शनिवार पेठ. उजव्या बाजूचं रेखाटन झालं तो मंगळवार. संध्याकाळी मी खाली उतरून समोरच्या फुटपाथवर, गिरणीच्या पायरीशी उभा राहिलो. परांचीवर हिरवी जाळी होती, तिच्यातून पुसट दिसत होतं. डावीकडचा डोळा त्याच्या जागी. उजवीकडचा, म्हणजे काकूंचा डावा, खाली. फार नाही. मी मनातल्या मनात म्हणालो, जाळीला झोळ पडलाय, त्यानं तसं दिसतंय. बुधवारी डोळ्याचा पांढरा भाग भरला. गुरुवारी बुबुळ, सोळा छटांचं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बुबुळ. मुलगी शेजारच्या फळीवर गालाच्या सुरकुत्या करत होती. दोनदा तिनं पाइपच्या पलीकडे वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. मीही नाही. शुक्रवारी मी पापणीचे केस काढले, एकेक हातभर लांब. जितकं चांगलं काम होत होतं तितका मला घाम फुटत होता, आणि मी अधिकच चांगलं करत होतो.

शनिवारी सोसायटीचे अध्यक्ष आले. बँकेतून निवृत्त, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं मोजकं. बुधवारी परांची काढायची ठरलेली होती, त्यांच्याकडे कुणाचं तरी लग्न, गाड्यांना जागा हवी. म्हणाले, ‘जरा पडदा बाजूला करा. आम्हालाही कळू दे आम्ही महिनाभर गाड्या रस्त्यावर कशासाठी लावतोय.’ रंगाऱ्यांनी जाळी ओढली. काकू गिरणी थांबवून बाहेर आल्या, कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं. रस्त्यात सातआठ जणं थांबलेली. मग काकू म्हणाल्या, ‘काय हो, मला अर्धांगवायू कधी झाला?’

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. पदरानं डोळा पुसला, अगदी तोच, डावा, जणू तो खरंच खाली आला असावा.

अध्यक्ष म्हणाले, ‘आधुनिक कला असेल. आपल्याला काय कळतंय.’ मग माझ्याकडे वळून, ‘की चूक आहे? चूक असेल तर कुणाची, एवढंच सांगा. मला संस्थेला कळवायला लागेल.’

चाचा, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. या शहरात माझ्या अकरा भिंती आहेत. मुलगी माझ्या उजव्या हाताला उभी होती, केसांत निळसर करडा रंग लागलेला. आणि मी म्हणालो, ‘दोरीचं खालचं टोक हिच्याकडे होतं.’

एवढंच. याच्यापुढे बोलायची गरजही उरली नव्हती. अध्यक्षांनी ‘अस्सं’ म्हटलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं, हातातला ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, नीट, उभा, केस वर करून. म्हणाली, ‘मी म्हटलं होतं ना जी तुम्हाला. नळी लावू म्हणून.’ आवाज चढलेला नव्हता. पिशवी घेतली आणि ती गेली.

रविवारी मी एकटाच वर चढलो. तीन दिवसांत डोळा दीड वीत वर न्यायचा, म्हणजे भुवई, पापणी, गालाचा उंचवटा, सगळंच. पांढरा रंग घेऊन त्या सोळा छटांच्या बुबुळावर रोलर फिरवला. एक थर बसला तरी ते खालून बघत राहिलं, दुसरा दिला, तिसरा दिला. वारा होता. डाव्या बाजूपर्यंत लेव्हल न्यायची तर दोन माणसं लागतात, आणि माझ्याकडे नळी नव्हती. खरं म्हणजे होती, कधीकाळी. फ्लेक्स छापायच्या दुकानात नोकरी लागली म्हणून मी तुम्हाला सोडून निघालो त्या दिवशी तुम्ही कागदात गुंडाळून काहीतरी दिलंत. मला वाटलं तो खारीच्या केसांचा ब्रश असेल, ज्याच्याकडे मी सहा वर्षं बघत होतो. घरी उघडलं तर नळी. मला इतका राग आला की ती मी पुढची दोन वर्षं पिंपातून पाणी काढायला वापरली, आणि फाटली तेव्हा टाकून दिली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत होतो. तो पूर्ण करून मगच आलो. तोपर्यंत सगळे कब्रस्तानातून परतले होते.

सोमवारी पावणेसातला परांची हलली. मी वळून बघितलं तर मुलगी वर येत होती, खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. ‘बोहरी आळीतून आणली. पाणी भरलंय, बुडबुडा काढलाय.’ मग नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘हे तुम्ही धरा सर. हलू नका.’ दुसरं टोक घेऊन ती परांचीच्या डाव्या कडेला गेली, कमरेच्या दोरावर भार टाकून पाइपच्या पलीकडे वाकली आणि डावीकडच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी पाणी आणून थांबली. मी हललो नाही. पाणी माझ्याकडच्या टोकात वर चढलं, डुचमळलं, शांत झालं. माझ्या खुणेच्या दीड वीत वर. तळाचा दगडी पट्टा रस्त्याच्या उताराबरोबर खाली गेलेला होता. तिथून तिनं विचारलं, ‘दिसलं का जी?’ मी म्हणालो, ‘दिसलं.’

मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत आम्ही चौघांनी डोळा पुन्हा उभा केला. बुबुळ तिनं काढलं. माझ्याइतकं चांगलं नाही, पण जागेवर आहे.

बुधवारी सकाळी परांची उतरवायला माणसं आली. अध्यक्ष हजर होते. वर बघून म्हणाले, ‘हं. आता बरं आहे. त्या मुलीला कळलं असेल आता दोरी कशी धरतात ते.’ ती तिथेच नळावर ब्रश धूत होती. मी म्हणालो, ‘दोरी तिनं बरोबर धरली होती. मोजलं मी चुकीचं होतं. ती नळी लावा म्हणत होती, मी नको म्हणालो.’ ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘मग शनिवारी काय सांगितलंत?’ ‘शनिवारी खोटं सांगितलं.’ ‘बरं झालं स्पष्ट केलंत,’ ते म्हणाले. ‘आता मला दुसरं पत्र लिहावं लागणार.’ गिरणीच्या दारातून काकू ओरडल्या, ‘अहो, लिहा की! पेनं दोन आहेत ना?’ मग मला म्हणाल्या, ‘आणि तुम्ही, इकडे या. भुवईचा रंग जमलाय. ज्वारीच आहे ती.’

मुलीनं ब्रश झटकून पिशवीत भरले. पुढच्या आठवड्यापासून ती हिंजवडीत एका ऑफिसच्या आतल्या भिंती करणार आहे, स्वतःचं काम, स्वतःची माणसं. जाताना मी नळी परत द्यायला गेलो. तिनं घेतली. राहू द्या तुमच्याकडे, असं म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणाली नाही, आणि तेच बरोबर.

हे मी चौकटींच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय. तुम्ही जिथे आहात तिथे टपाल जात नाही, आणि जात असतं तरी मी हे पेटीत टाकलं नसतं. गुंडाळी करून ब्रशच्या डब्यात ठेवणार आहे. खोटं बोललो ते अध्यक्षांना सांगून झालं. पण मंगळवारीच जाळीतून मला दिसलं होतं आणि मी चार दिवस पापण्या काढत बसलो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुलीला ते माहीत असावं. तुम्हालाही कदाचित माहीत होतं, आणि म्हणूनच तुम्ही ती नळी दिलीत, असं मला परवापासून वाटतंय. तसं नसेल तर आता सांगतो. लोणीला त्या शुक्रवारी मी पाणी प्यायला दहा पावलं मागे सरलो होतो. मागच्या गोदामाच्या पत्र्याची कड सरळ होती आणि माझी शिरोरेघ नव्हती. तेव्हा ‘बियाणे’ सुद्धा पूर्ण व्हायचं होतं, चाचा. मला दिसलं होतं. मी थांबलो नाही.